वादळानंतरची कुऱ्हाड

वळवाचे वादळ गावावर फार तर अर्धा-पाऊण तास घोंगावते. बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरच्या गावांना, चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या खेड्यांना, ते नवे नाही. चैत्र-वैशाखात दुपार टळताना आभाळ अंधारून येते, धुळीचा लोट उठतो, घरांवरचे पत्रे खडखडू लागतात आणि पावसाचे टपोरे थेंब पडेपर्यंत कुणाच्या तरी परसातील निंबाची मोठी फांदी कडाडून खाली आलेली असते. वादळ निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसात दोन माणसे येतात. एक लाकडाचा व्यापारी असतो, दुसरा धीर द्यायला आलेला शेजारी. दोघांचेही म्हणणे एकच असते : आता हे झाड ठेवण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर वर्षांची सावली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलेली असते.

या प्रकाराला गावात कुणी अन्याय म्हणत नाही, कारण त्यात बळजबरी दिसत नाही. घरमालकाने स्वतःच्या आवारातील झाड स्वखुशीने विकलेले असते. परंतु ज्या ‘स्वखुशी’च्या पाठीशी भीती, अज्ञान आणि हातातील पैशाची चणचण उभी असते, तिला स्वखुशी म्हणावे काय, हा प्रश्न समाजवादी विचाराला अपरिचित नाही. अडलेला शेतकरी आपला कापूस ज्या रीतीने विकतो, त्याच रीतीने अडलेले कुटुंब आपले झाड विकते. फरक इतकाच की कापूस पुढच्या हंगामात पुन्हा पिकतो. परसातील निंब, चिंच किंवा आंबा त्या पिढीच्या हयातीत पुन्हा उभा राहत नाही.

गरिबाच्या घरी असे झाड म्हणजे केवळ शोभा नव्हे. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यातील दुपार काढणे अशक्य असते. बाळंतीण, तान्हे मूल, आजारी म्हातारा यांची दुपार झाडाखालच्या बाजेवरच सरते. शेळी तिथेच बांधली जाते. शेंगा फोडणे, डाळी निवडणे, गोधडी शिवणे ही बायकांची न संपणारी आणि कुठल्याही हिशेबात न धरली जाणारी कामे त्याच सावलीत होतात. गुढीला लागणारा कडुनिंबाचा डहाळा तिथूनच येतो आणि धान्यात ठेवायचा पालाही तिथलाच. ज्याच्या घरी वातानुकूलित यंत्र आहे त्याला झाड गेल्याने दृश्याचे नुकसान होते. ज्याच्या घरी पंखाही भारनियमनाच्या मर्जीवर फिरतो त्याचे घरच अर्धे होते. म्हणून वादळात जखमी झालेल्या झाडाचे काय करायचे, हा हौशी बागाईतदाराचा विषय समजून कार्यकर्त्यांनी बाजूला सारू नये.

भीती खरी आहे

तथापि झाडाची बाजू घेताना माणसाच्या भीतीची चेष्टा करता येणार नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसची घटना अजून कुणी विसरलेले नाही. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी वादळी पावसापासून बचावासाठी भाविक तेथील बाबूजी महाराज संस्थानातील पत्र्याच्या शेडखाली जमले होते. शेजारचा जुना, प्रचंड निंब त्या शेडवर कोसळला. सात माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक जखमी झाली. ज्या वृक्षाने वर्षानुवर्षे सावली दिली त्यानेच जीव घेतले, असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. या वाक्यात करुणा आहे, पण विचार नाही. झाडाला हेतू नसतो. इतका जुना, इतका मोठा आणि माणसांच्या वर्दळीत उभा असलेला वृक्ष पावसाळ्यापूर्वी तपासण्याची व्यवस्था कोणत्या गावात, कोणत्या खात्याकडे आहे, हा त्या घटनेने विचारलेला खरा प्रश्न होता. तो प्रश्न चार दिवसांच्या हळहळीत विरून गेला. उरली ती फक्त धास्ती. आणि ती धास्ती कुऱ्हाडीच्या कामी आली.

पारसचा धडा दोन प्रकारे वाचता येतो. ‘जुनी झाडे धोकादायक असतात, म्हणून ती तोडावीत’ हा एक अर्थ. ‘जुन्या झाडांकडे कुणी पाहत नाही, म्हणून ती धोकादायक होतात’ हा दुसरा. पहिला अर्थ सोपा आहे आणि त्यात व्यापाऱ्याचा लाभ आहे. दुसरा अर्थ अवघड आहे, कारण तो समाजावर जबाबदारी टाकतो. गिरणीतील यंत्रावर अपघात झाला म्हणून गिरणी पाडा असे कुणी म्हणत नाही. यंत्राला जाळी बसवा आणि तपासनीस नेमा अशीच मागणी कामगार चळवळीने केली. झाडाच्या बाबतीत मात्र ही साधी तर्कसंगती सुटते.

इंग्लंडमधील एका ओकची साक्ष

घाईची किंमत काय असते, याचे उदाहरण परदेशात सापडते. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर आलेल्या झंझावातात सुमारे दीड कोटी झाडे पडली. त्यानंतर जी साफसफाईची लाट उसळली तिच्याविषयी तेथील वृक्षतज्ज्ञांनी पुढे कबुली दिली की, अनेक ठिकाणी वादळाने केले त्याहून अधिक नुकसान यंत्रे आणि करवती घेऊन धावलेल्या माणसांनी केले. आडवी पडलेली, पण काही मुळे जमिनीत शाबूत असलेली कितीतरी झाडे तशीच राहू दिली असती तर पुन्हा फुटली असती.

लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात टर्नरचा ओक म्हणून ओळखला जाणारा एक जुना वृक्ष आहे. त्या रात्री वाऱ्याने तो मुळांच्या गड्ड्यासकट उचलला आणि पुन्हा त्याच जागी बसवला. हा वृक्ष वाचणार नाही असेच सर्वांचे मत होते. पण बागेत पडलेल्या झाडांचे काम इतके होते की त्याला टेकू देऊन त्याची पाळी शेवटी ठेवण्यात आली. ती पाळी येण्यास सुमारे तीन वर्षे लागली. तोपर्यंत तो ओक पूर्वीपेक्षा अधिक जोमाने वाढताना आढळला. कारण शोधल्यावर समजले की, बघ्यांच्या पावलांनी वर्षानुवर्षे दडपून घट्ट झालेली मुळांभोवतीची माती त्या हिसक्याने सैल झाली होती आणि मुळांना हवा-पाणी मिळू लागले होते. वादळापूर्वी तो वृक्ष माणसांच्या पायाखाली गुदमरत होता, हे वादळामुळे कळले.

या हकिगतीवरून प्रत्येक उन्मळलेले झाड वाचेल असा निष्कर्ष काढणे चूक होईल. परंतु तिच्यातील दोन गोष्टी उंद्रीच्या परसालाही लागू पडतात. एक, जखमी झाडाचा निकाल दुसऱ्या दिवशी लावू नये. दोन, झाड वादळात पडण्याची कारणे बहुधा वादळापूर्वीच तयार झालेली असतात. गावागावांत आज बुंध्याला भिडवून सिमेंटचे पार बांधले जातात, अंगणात गट्टू बसवले जातात, नाली आणि काँक्रीटचा रस्ता काढताना एका बाजूची मुळे जेसीबीने सपासप तोडली जातात, बुंध्याशी कचरा पेटवला जातो. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरलेली असतात, आणि तीही फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत. एका बाजूची मुळे गेलेले झाड त्या दिशेला आधाराविना उभे असते. मग जून उजाडण्यापूर्वीचा एखादा झोत पुरेसा होतो, आणि दोष मात्र वाऱ्याला दिला जातो.

जखम आणि तिचा उपचार

माणसाची जखम भरते; झाडाची भरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात ही गोष्ट सप्रमाण मांडली. फांदी तुटली की झाड त्या कुजक्या भागाभोवती आतून भिंती उभारते, रोग पुढे सरकू नये म्हणून तो कप्पा बंद करून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड चढवत राहते. झाडाची सारी प्रतिकारशक्ती या भिंती उभारण्यात असते. उपचार करणाऱ्याचे काम एवढेच की त्या भिंती मोडू नयेत. हे एक सूत्र समजले की पुढील बहुतेक नियम आपोआप समजतात.

पहिला दिवस झाडाचा नसून माणसांचा असतो. फांदी विजेच्या तारेवर पडली असेल किंवा तारेला टेकली असेल तर तिला कुणी हात लावू नये. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री वायरमनकडून झाल्याखेरीज त्या परसात मुलाबाळांना जाऊ देऊ नये. वर अडकून लोंबणारी फांदी ही पडलेल्या फांदीहून अधिक घातक असते. खालून दोर टाकून ती ओढण्याचा उत्साह टाळावा.

त्यानंतर झाडाकडे चारी बाजूंनी शांतपणे पाहावे. झाड वादळापूर्वी सरळ होते आणि आता कलले आहे काय? वाऱ्याच्या बाजूची जमीन उचलली गेली आहे, तिला भेगा पडल्या आहेत काय? खोड बेचक्यातून खाली चिरत गेले आहे काय? बुंध्याशी अळंबी उगवलेली दिसते काय? लाकडी मोगरीने ठोकल्यावर खोड ढोलासारखे वाजते काय? मोठे झाड नव्याने कलले असेल, मुळांची जमीन उचलली गेली असेल आणि त्याच्या पडण्याच्या टप्प्यात घर, गोठा, रस्ता किंवा शाळा असेल, तर भावनेला आवर घालून ते उतरवलेच पाहिजे. रोपटे पुन्हा उभे करून टेकू देता येते. पूर्ण वाढलेल्या वृक्षाला दोराने ओढून सरळ करण्याच्या प्रयत्नात उरलेली मुळेही तुटतात. मात्र खोड पोकळ आहे एवढ्यावरून झाड मेले असे ठरत नाही. झाडाची जिवंत वाहिनी सालीलगत असते. पोकळीभोवतीची भिंत जाड व निरोगी असेल तर पोकळ वृक्षही दीर्घकाळ उभा राहतो.

ज्या झाडाचे खोड आणि मुळे शाबूत आहेत आणि केवळ फांद्या गेल्या आहेत, त्याला वाचवणे बहुधा शक्य असते. निंबासारखे झाड तर छाटल्यावरही जोमाने फुटते. अशा झाडाची मोडकी फांदी उतरवण्याची एक रीत आहे आणि ती कुणाही कष्टकऱ्याला तासाभरात शिकता येते. जड फांदी एकाच घावात वरून तोडली की ती पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते, आणि मूळ जखमेहून ही नवी जखम मोठी होते. म्हणून करवतीचा पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून घ्यावा. फांदी सालीला धक्का न लावता खाली येते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. झाड आपली भिंत तिथे उभारते. तिसरा काप त्या कड्याच्या लगेच बाहेर असावा. कडे कापून खोडाशी सपाट करणे ही चूक आणि लांब खुंट सोडणे हीही चूक. सोललेल्या सालीचे लोंबणारे तुकडे धारदार चाकूने साफ करावेत, निरोगी सालीला हात लावू नये.

जखमेवर डांबर, ऑइलपेंट किंवा सिमेंट थापण्याची पद्धत गावोगाव आहे. तिने बघणाऱ्याचे समाधान होते. झाडाचा फायदा होत नाही. आवरणाखाली ओल कोंडते आणि बुरशीला आसरा मिळतो. पोकळीत भरलेले सिमेंट वाऱ्याबरोबर हलत नाही, झाड हलते. परिणामी आतील भिंत खरचटत राहते. आंब्याच्या बागेत छाटणीनंतर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस कृषितज्ज्ञ करतात, ती बुरशीला अटकाव म्हणून. पण चुकीच्या जागी घेतलेला काप कोणत्याही लेपाने दुरुस्त होत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आता वरून सगळेच छाटून टाका, म्हणजे पुन्हा भीती नको’ ही. पाने हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. वादळाने निम्मे नेले असताना उरलेले निम्मे मालकाने कापले, तर जखमेभोवती भिंत उभारण्यासाठी लागणारी शक्ती झाडाने आणायची कोठून? शिवाय शेंडा छाटलेल्या झाडाला खुंटांच्या टोकांवर दाटीने जे नवे फुटवे येतात, ते सालीपुरते चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि पुढच्या वादळात प्रथम तेच मोडतात. भीतीपोटी केलेली छाटणी अशा रीतीने अधिक मोठी भीती पेरून जाते. म्हणून वादळानंतर फक्त मोडलेले, चिरलेले आणि लोंबणारे तेवढे काढावे. बाकीचा निर्णय एक-दोन पावसाळ्यांनंतर, नवी पालवी पाहून घ्यावा.

तोपर्यंतची शुश्रूषा साधी आहे. पडलेल्या फांद्यांचा पाला आणि बारीक डहाळ्या बाजारात न पाठवता त्याच झाडाखाली वीतभर थरात पसराव्यात, मात्र बुंध्याला टेकवू नयेत. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी फांद्यांच्या घेराखाली भरपूर पाणी मुरू द्यावे. युरियाचा मारा करू नये. गुरे त्या वर्षी दुसरीकडे बांधावीत, म्हणजे माती तुडवली जाणार नाही. या कशालाच मोठा पैसा लागत नाही. लागतो तो धीर, आणि धीर देणारा जाणता माणूस. तो माणूस गावात नसतो, हीच अडचणीची जागा आहे.

कायद्याला तोडणे कळते, जपणे कळत नाही

शासनाकडे वळले तर काय दिसते? महाराष्ट्राचा वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, मोह यांच्याबरोबर आंबा, चिंच आणि जांभूळ आहेत. परसात सर्वत्र आढळणारा निंब त्या मूळ यादीत नाही. यादीतील झाडासाठीही कायदा एवढेच विचारतो की तोडण्याची परवानगी घेतली काय. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, झाडांची गणना आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. परंतु हा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. पुण्यातील पन्नास वर्षांचा वृक्ष वारसा ठरतो आणि उंद्रीच्या परसातील त्याच वयाचा वृक्ष सरपण ठरतो. झाडांच्या जगातही शहर आणि खेडे अशी दोन राष्ट्रे निर्माण करण्यात आली आहेत.

मदतीच्या निकषांचेही तसेच. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये ठरले, तेही तेहेतीस टक्के वा अधिक नुकसान झाले तर. परसातील एका झाडाचे हेक्टर कसे करायचे? ज्याच्याकडे बाग आहे त्याचा पंचनामा होतो. ज्याच्याकडे एकच आंबा आहे, ज्याच्या लोणच्या-कैऱ्यांवर एखादी भूमिहीन विधवा वर्षाचे मीठ-मिरची भागवते, तिचा आंबा कागदावर उगवलेलाच नसतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्या पंचनाम्याच्या नमुन्यात घराची भिंत येते, पत्रे येतात, गोठा येतो. घरावर सावली धरणारे झाड येत नाही.

आणि हे बदलता येत नाही असेही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजाव्या लागतात, हेक्टरच्या हिशेबाने त्यांच्या मालकांच्या हाती काहीच पडत नाही, हे लोकांनी ठणकावून सांगितले. अखेर राज्य शासनाला नारळाच्या झाडामागे २५० रुपये आणि सुपारीच्या झाडामागे ५० रुपये असा झाडाचा हिशेब मान्य करावा लागला. रक्कम तुटपुंजी होती, हे खरेच. परंतु तत्त्व मोलाचे होते : झाड हे मोजण्याचे एकक होऊ शकते. कोकणात जे घडले ते विदर्भात का घडू नये, असे विचारण्याचा अधिकार त्या निर्णयाने दिला आहे.

याच शासनाने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढे २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी चार, तेरा आणि तेहेतीस कोटींची उद्दिष्टे जाहीर केली. रोप लावण्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण रोपाबरोबर छायाचित्र निघते, समारंभ होतो, आकडा वर जातो. म्हाताऱ्या झाडाची मोडलेली फांदी नीट उतरवण्यात यांपैकी काहीच नाही. जन्माचा सोहळा आणि म्हातारपणाची हेळसांड ही जी रीत माणसांच्या बाबतीत समाजाने पत्करली आहे, तीच झाडांच्या वाट्याला आली आहे.

महाराष्ट्राच्या राज्यव्यवहाराच्या परंपरेत याहून शहाणा विचार नोंदलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवण्याविषयी जी शिस्त सांगितली आहे, तिचा आशय असा की रयतेने पोटच्या लेकराप्रमाणे वाढवलेल्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन ते घ्यावे. आरमार हे राज्याचे बळ होते. त्या गरजेपुढेही रयतेच्या झाडाचा हिशेब ठेवला गेला. आजच्या व्यापाऱ्यापुढे कोणती आज्ञा आहे?

झाडावर चढणारा माणूस

या साऱ्या चर्चेत एक माणूस नेहमी विसरला जातो, तो म्हणजे प्रत्यक्ष झाडावर चढणारा. वादळानंतर ज्याला बोलावले जाते तो गावातील भूमिहीन मजूर असतो. कमरेला साधा दोर, पायांत चप्पलही नाही, हातात कुऱ्हाड किंवा भाड्याने आणलेली यांत्रिक करवत. तो पडला तर त्याच्या बायकामुलांना देण्यास कुणी बांधील नसते. त्याला मजुरी मिळते ती झाड लवकर आडवे करण्याची. जपून फांदी उतरवण्याची मजुरी कुणी देत नाही. तेव्हा तो झाड तोडतो यात त्याचा दोष काय? जिथे तोडण्याला दाम आहे आणि राखण्याला नाही, तिथे तोडच होणार. १९७३ च्या चिपको आंदोलनात कुऱ्हाड बाहेरून आली होती आणि गावाने झाडाला मिठी मारली. परसातील झाडापुढे कुऱ्हाड घरधनीच बोलावतो. म्हणून इथे मिठी पुरत नाही. पर्यायी व्यवस्था उभारावी लागते.

एक आक्षेप अवश्य येईल. झाड खासगी, आवार खासगी. त्यासाठी सार्वजनिक पैसा का? त्याला उत्तर असे की झाडाची सावली कुंपणावर थांबत नाही, आणि ते पडले तर शेजाऱ्याचे छप्परही मोडते. लाभ आणि धोका दोन्ही सामुदायिक असताना खर्च मात्र एकट्या कुटुंबाने सोसावा, हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अडलेल्या कुटुंबाला लाकडाचे चार पैसे मिळत असतील तर त्याला झाड राखा म्हणून उपदेश करणारे तुम्ही कोण? हा आक्षेप ऐकूनच कार्यकर्त्याने त्या परसात पाऊल टाकावे. रिकाम्या हातांनी केलेला उपदेश गरिबाचा अपमान असतो. म्हणूनच मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली मागणी : प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील जुन्या झाडांची, मग ती गावठाणातील असोत वा परसातील, नोंदवही ठेवावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांची पाहणी करावी. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा भरतेच. वळवाच्या तोंडावर येणारा हा दिवस त्यासाठी सोयीचा आहे, आणि कामगार दिनी झाडावर चढणाऱ्या मजुराची आठवण होणे उचितही आहे. दुसरी : गावातील चार-पाच तरुण मजुरांना, मुलींनाही, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साह्याने वृक्षोपचाराचे शिक्षण मिळावे; दोर, शिरस्त्राण, करवत ही साधने पंचायतीची असावीत, मजुराचा विमा असावा आणि हे काम ग्रामीण रोजगाराच्या योजनेतील मान्य काम व्हावे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी याच महाराष्ट्राने देशाला दिली. खडी फोडणे जिथे काम ठरले, तिथे वृक्ष राखणे काम का ठरू नये? तिसरी : आपत्तीच्या पंचनाम्यात परसातील झाडाचा रकाना यावा आणि निसर्ग वादळातील तत्त्वानुसार झाडामागे मदत मिळावी, झाड राखले तर उपचाराचा खर्च आणि झाड गेले तर नुकसानभरपाई. चौथी : रस्ता, नाली वा पार बांधताना बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवण्याची अट प्रत्येक अंदाजपत्रकात असावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. उंद्रीत किंवा अन्य कोणत्याही गावात वादळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या आधी त्या परसात दोन कार्यकर्ते पोचले, त्यांनी तारा पाहिल्या, झाड चारी बाजूंनी पाहिले, जे उतरवणे अटळ आहे ते स्पष्ट सांगितले, जे वाचण्याजोगे आहे त्याच्या मोडक्या फांद्या तीन कापांत उतरवून दिल्या आणि पडलेल्या लाकडाची वाजवी किंमत त्या कुटुंबाच्या पदरात पडेल असे पाहिले, तर अनेक झाडे वाचतील. शिवाय त्या कुटुंबाला एक गोष्ट कळेल, जी भाषणांनी कळत नाही : संकटाच्या दुसऱ्या दिवशी दारात येणारा प्रत्येक माणूस भाव करायलाच आलेला नसतो.

पुढच्या पावसाळ्यात त्या निंबाला जखमेच्या कडेने नव्या सालीची गोल कड चढू लागेल, खुंटाजवळून तांबूस पालवी फुटेल. ती पालवी कुणाच्या अहवालात येणार नाही. तिच्याखाली मात्र बाज पुन्हा टाकली जाईल.